हुंडेकरी, घाट आणि पेठ : करवीर प्रदेशातील बंदरमुखी मालवाहतुकीचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

कोल्हापूर शहर अरबी समुद्रापासून सरळ रेषेत मोजले तर सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे. असे असूनही कोल्हापूर परिसरातील ओतकामाचे कारखाने, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि चर्मोद्योग यांचा निर्यातीचा माल आज मुख्यत्वे सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून परदेशी जातो. या विसंगतीचे उत्तर साधारणपणे भूगोलात शोधले जाते. सह्याद्री आडवा आला, कोकणातल्या खाड्या गाळाने भरल्या, आगगाडीने मुंबई जवळ केली, असे ते उत्तर असते. ही तिन्ही कारणे खरी आहेत. परंतु ती अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मालवाहतुकीच्या इतिहासात आपण रस्ता, घाट, पूल आणि रूळ यांचा विचार जेवढा केला, तेवढा मालाची मोट कोठे बांधली जाते या प्रश्नाचा केला नाही. शेतकऱ्याची चार ढेपा गूळ किंवा कारागिराचे दोन गठ्ठे कापड बंदरापर्यंत स्वतंत्रपणे कधीच जात नाही. वाटेत कोठेतरी अशा शंभर लहान ओझ्यांचे एक मोठे ओझे होते आणि पुढचा प्रवास तेच करते. परतीच्या वाटेवर उलट क्रिया घडते. गलबतातून उतरलेले मीठ वा खारीक घाटमाथ्यावर येऊन पुन्हा लहान लहान वाटण्यांत फुटते. ज्या ठिकाणी ही सांधेजोड होते तेथे अडत, हमाली, तोलाई, वखारभाडे आणि उधारीचे व्याज ही सर्व मिळकत साठते. ते ठिकाण करवीर प्रदेशात कोणकोणत्या काळी कोठे होते आणि ते का सरकले, एवढ्याच प्रश्नापुरता हा निबंध मर्यादित आहे.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. हसमुख सांकलिया व मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन कोल्हापूरचा भूमध्य समुद्राकडील व्यापाराशी आलेला संबंध अभ्यासकांच्या चर्चेत आला. एका मूर्तीवरून व्यापाराचे प्रमाण ठरविणे धाडसाचे होईल. तथापि समुद्रावरून आलेली वस्तू सह्याद्री चढून पंचगंगेच्या काठापर्यंत पोचत होती, एवढे निश्चित म्हणता येते.

यानंतरचा ठोस पुरावा शिलाहार काळातील आहे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० (इ.स. १००८) मधील खारेपाटण ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात परदेशातून येणाऱ्या जहाजावर एक गद्याण सोने आणि विशिष्ट किनारी बंदरातून येणाऱ्या जहाजावर त्याहून कमी, एक धरण, असा कर सांगितला आहे. दूरचा व्यापार आणि किनाऱ्यावरचा व्यापार यांत शासनाने केलेला हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे. खारेपाटण वाघोटण नदीवर, विजयदुर्गाच्या खाडीच्या आतल्या टोकास आहे. तेथून घाट चढला की बावडा आणि पुढे कोल्हापूर.

घाटावरच्या बाजूचे चित्र कोल्हापूर शाखेच्या शिलाहार लेखांतून मिळते. गंडरादित्याच्या कारकिर्दीतील शके १०५८ चा कोल्हापूर शिलालेख वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेल्या शिलाहार लेखसंग्रहात आहे. निंबदेव सामंताने बांधलेल्या जैन मंदिरास व्यापाऱ्यांच्या संघाने बाजारात येणाऱ्या मालावर ठरावीक दराने दान लावून दिल्याची त्यात नोंद आहे. हे व्यापारी ऐहोळेच्या पाचशे स्वामींच्या परंपरेतील वीर-बणंज संघाचे होते आणि कोल्हापूर, मिरज आदी अनेक ठिकाणांहून एकत्र आले होते. या लेखाकडे सहसा धर्मदानाच्या दृष्टीने पाहिले जाते. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने त्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, अनेक गावांचे व्यापारी एका बाजारात एकत्र बसून साऱ्या मालावर एकच दर ठरवू शकत होते. एवढी शिस्त असलेला संघ तांडेही एकत्रच हाकत असला पाहिजे, हा तर्क अवाजवी ठरू नये.

घाटवाटा आणि तांडे

करवीर प्रदेशातून कोकणात उतरणाऱ्या वाटांपैकी आंबा, अणुस्कुरा, बावड्याजवळचे करूळ व भुईबावडा आणि दक्षिणेकडील फोंडा हे घाट प्रमुख होत. अणुस्कुऱ्याची वाट राजापूरला जाई. विजापूरच्या आदिलशाहीचे समुद्राकडचे दार काही काळ राजापूर हेच होते, म्हणून या वाटेला एरवी तिच्या अवघडपणामुळे लाभले नसते असे महत्त्व आले. विशाळगड आणि गगनगड हे किल्ले या वाटांवर नजर ठेवून आहेत, हे नकाशावर एकदा पाहिले की किल्ल्यांच्या जागा केवळ लढाईसाठी निवडल्या नव्हत्या हे पटते.

इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्यास राजापुरात वखार घातली ती घाटावरून येणारे मिरे आणि कापड यांच्यासाठी. या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या मदतीला तोफ घेऊन पन्हाळ्यापर्यंत आला आणि शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर चाल करून त्याचा हिशोब चुकता केला, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. बंदरातला वखारवाला घाट चढून पन्हाळ्याच्या वेढ्यात का पडला, असा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. पन्हाळा ज्याच्या हाती, त्याच्या हाती राजापूरला उतरणाऱ्या मालाची नाडी, हे त्या वखारवाल्यास कळत होते.

या वाटांवरून माल वाहिला तो वंजारी-लमाणांच्या तांड्यांनी. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा तांडा पाहिल्याचे लिहिले आहे. सह्याद्रीच्या अरुंद वाटांवर एवढे मोठे तांडे शक्य नव्हते, पण तत्त्व तेच होते. एकट्या बैलाला चोरांचे, जकातदारांचे आणि श्वापदांचे भय. तांड्याला ते कमी. चाऱ्याचा खर्च वाटला जाई, राखणदार सामाईक असे. खाली जाताना धान्य, गूळ, तंबाखू, मिरची, कापड आणि वर येताना मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी, खारीक अशी देवघेव असल्याने बैल रिकामा परतत नसे. मालवाहतुकीत खरा तोटा रिकाम्या खेपेचा असतो. करवीर आणि कोकण या दोन प्रदेशांची पिके परस्परपूरक असल्यामुळे हा तोटा पुष्कळ अंशी टळत होता.

गुळाच्या हंगामाचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. कोकण किनाऱ्यावरील पडाव, मचवे आणि शिबाडे पावसाळ्यात ओढून किनाऱ्यावर घेतली जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात लोटली जात. करवीरातील गुऱ्हाळे पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालत. म्हणजे गूळ तयार होण्याचा काळ आणि समुद्र खुला असण्याचा काळ जवळजवळ एकच. दमट हवेत पाझरणारा हा माल पावसाळाभर कोठारात ठेवणे व्यापाऱ्यास परवडणारे नव्हते, म्हणून ही जुळणी त्याच्या फारच उपयोगी पडली.

हुंडेकरी

या व्यवहारातील मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे हुंडेकरी होय. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत हा शब्द आणि त्याच्या जोडीचा ‘हुंडाभाडे’ हा शब्द नोंदलेला आहे. मालधन्याने वाटेतील प्रत्येक जकातनाक्यावर, तरीवर आणि घाटमाथ्यावर वेगवेगळे पैसे मोजण्याऐवजी ठोक रक्कम ठरवून द्यावी; त्या रकमेत भाडे आणि वाटेतील जकाती हुंडेकऱ्याने भागवाव्यात आणि माल ठरल्या जागी पोचता करावा, असा हा करार. ‘हुंडा’ शब्दाला आज लग्नव्यवहाराचा जो वाईट वास चिकटला आहे तो येथे नाही. येथे त्याचा अर्थ ठोक, एकत्र असा आहे.

हुंडेकऱ्याचा नफा कोठून येई? एकेका धन्याकडून त्याने घेतलेली रक्कम सुट्या भाड्याच्या हिशोबाने असे. प्रत्यक्षात मात्र तो दहा धन्यांचा माल एका तांड्यात किंवा गाड्यांच्या एका रांगेत घाली आणि जकातदाराशी साऱ्या तांड्याचा एकदम सौदा करी. या दोन दरांतील फरक ही त्याची कमाई. आजच्या भाषेत ज्याला कंटेनरमध्ये अनेकांचा माल एकत्र भरणारा ‘कन्सॉलिडेटर’ म्हणतात, त्याचे काम याहून तत्त्वतः वेगळे नाही. आपल्या वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत हा व्यवसाय विसाव्या शतकातील पाश्चात्त्य कल्पकतेचे फळ म्हणून शिकविला जातो आणि हुंडेकरी हा शब्द मात्र आडनावापुरता उरतो, याची गंमत वाटते.

हुंडेकऱ्याची भरभराट जकातींच्या सुळसुळाटावर अवलंबून होती, हेही मान्य केले पाहिजे. जितके नाके अधिक, तितकी ठोक कराराची गरज अधिक. राज्यकर्त्यांना याची जाणीव होती. करवीरच्या संभाजी महाराजांच्या काळात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि राज्याची शोभा त्यांच्यामुळे असल्याचा विचार त्यात मांडला आहे. अमात्यांचे घराणे बावड्याचे जहागीरदार झाले आणि बावडा हे तर घाटमाथ्यावरचे ठाणे. साहुकारांविषयीचा हा विचार केवळ ग्रंथांतून आलेला नसून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्याच्या नित्य परिचयातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

बंदर नसलेले संस्थान

करवीर राज्याच्या ताब्यात एके काळी मालवण व सिंधुदुर्ग ही किनाऱ्यावरची ठाणी होती. १८१२ च्या तहाने मालवण कंपनी सरकारकडे गेले. समुद्रावरील लूटमार थांबविणे हे त्या तहाचे घोषित कारण होते. वाहतुकीच्या इतिहासात या तहाचे महत्त्व वेगळे आहे. त्या दिवसापासून कोल्हापूर हे बंदर नसलेले संस्थान झाले. घाट उतरताच परक्याचा मुलूख सुरू होऊ लागला आणि बंदराचा धक्का, खाडीतला गाळ किंवा गोदामाची जागा यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार दरबाराकडे उरला नाही. मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती १८३८ मध्ये उठल्या. त्यामुळे खालचा प्रवास सोपा झाला, पण संस्थानिकांच्या हद्दीतील नाके पुढेही राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा आणि आंबा घाटांतून गाडीरस्ते झाले. बैलाच्या पाठीवरून माल बैलगाडीत आला आणि तांड्यांचा धंदा बसला. घाटमाथ्यावरील मलकापूर, पायथ्याचे साखरपे, खाडीवरचे खारेपाटण आणि राजापूर या पेठांचे दिवस या काळात बरे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील बंदरांपैकी अरब गलबते थेट राजापुरास येत असा उल्लेख १८८० च्या गॅझेटिअरमध्ये आहे. परंतु त्याच सुमारास मोठी गलबते गावापर्यंत येईनाशी झाली होती. माल जैतापुरास उतरवून लहान होड्यांतून आत आणावा लागे. एक हाताळणी वाढली की तिची हमाली, तिची नासधूस आणि तिचा विलंब हे सारे मालाच्या किमतीवर चढते.

आगगाडी आणि रुळांची रुंदी

‘रेल्वेने कोकणची बंदरे मारली’ हे विधान आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास वाटत नाही. कोल्हापूरच्या बाबतीत तपशील पाहिला तर गोष्ट अधिक गुंतागुंतीची दिसते.

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. हा मार्ग ब्रॉडगेजचा. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढ्याकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग १८९० च्या सुमारास पूर्ण झाला, तो मीटरगेजचा. कोल्हापूर दरबाराने स्वखर्चाने बांधलेला मिरज-कोल्हापूर हा २९ मैलांचा फाटा एप्रिल १८९१ मध्ये वाहतुकीस खुला झाला, तोही मीटरगेजचा. म्हणजे कोल्हापुरात डब्यात भरलेला गूळ मुंबईस न्यायचा तर पुण्यात तो उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. याउलट तोच डबा मिरज, लोंढा, कॅसलरॉक या मार्गाने थेट गोव्यातील मार्मागोवा बंदराच्या धक्क्यापर्यंत जाऊ शकत होता. ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’चा तो मार्गही मीटरगेजचाच होता आणि १८८८ मध्ये ब्रिटिश हद्दीतील रुळांशी जोडला गेला होता.

रुळांच्या रुंदीपुरते पाहिले तर कोल्हापूरचे स्वाभाविक बंदर या काळात मार्मागोवा ठरायला हवे होते. तसे का झाले नाही? इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत डिसेंबर १८७८ मध्ये झालेल्या तहाने दोन्ही मुलखांतील सीमाशुल्काची भिंत बारा वर्षांसाठी काढून टाकली होती. हा तह जानेवारी १८९२ मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. कोल्हापूरची गाडी सुरू होऊन जेमतेम नऊ महिने झाले होते. अखंड रूळ मिळाले, तोच मधे सरहद्द उभी राहिली. सलग रुळांचा फायदा कागदपत्रांच्या अडथळ्यात बुडाला, असे म्हणावे लागते. अर्थात मुंबईची बाजारपेठ, तेथील पेढ्या, विमा आणि परदेशी जहाजांची नियमितता यांचे आकर्षण तह टिकला असता तरीही राहिलेच असते. पण व्यापाऱ्यासमोर दोन दारे असणे आणि एकच असणे यांत फरक आहे. दुसरे दार उघडे असले की पहिल्या दारावरचा दरही काबूत राहतो.

शाहूपुरीची अडत

या परिस्थितीत छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये स्टेशनजवळ शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. शाहू महाराजांच्या सामाजिक कार्यापुढे त्यांच्या आर्थिक निर्णयांची चर्चा झाकोळून जाते. शाहूपुरीचा निर्णय मात्र त्यांच्या अत्यंत दूरदर्शी निर्णयांपैकी एक होय. दरबाराच्या हाती बंदर नव्हते, मुख्य लोहमार्ग नव्हता, दर ठरविण्याचा अधिकार नव्हता. हाती एकच गोष्ट होती : माल कोठे गोळा व्हावा हे ठरविणे. तेवढे दरबाराने केले.

त्यापूर्वी गूळ अनेक लहान पेठांतून वाटला जाई. शाहूपुरीत अडत दुकाने आली, वखारी आल्या आणि गुऱ्हाळावरून निघालेली बैलगाडी थेट येथे येऊ लागली. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या दारात उतरे, त्याची प्रत लावली जाई, सौदा होई आणि बाहेरच्या, विशेषतः गुजरातच्या, व्यापाऱ्यांसाठी सारख्या प्रतीच्या ढेपांचे मोठे साठे बांधले जात. शेतकऱ्याला अडत्याकडून हंगामापूर्वी उचल मिळे आणि त्या उचलीने तो बांधला जाई. या बांधिलकीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. १९३९ चा मुंबई शेती उत्पन्न बाजार कायदा, त्याच वर्षी कोल्हापुरात स्थापन झालेला शेतकरी सहकारी संघ आणि नंतरची बाजार समिती ही या टीकेची फळे आहेत. तथापि अडतीच्या दोषांबरोबरच तिने केलेले कामही नोंदविले पाहिजे. रेल्वे पूर्ण डब्याच्या मालास कमी दर आणि फुटकळ मालास चढा दर लावत असे. चार ढेपांच्या धन्याला पूर्ण डब्याचा दर मिळवून देणारी यंत्रणा अडत हीच होती.

गुळाच्या ढेपेच्या आकारातही या इतिहासाचा ठसा आहे. सुमारे तीस किलोंचा रवा एका हमालाला उचलता येतो, एकावर एक रचता येतो आणि डब्यातली जागा वाया घालवीत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा रंग, चव आणि पंचगंगेचे पाणी यांविषयी भरपूर लिहिले गेले. आकाराविषयी कोणी बोलले नाही, पण ‘कोल्हापुरी’ हे नाव दूरच्या बाजारात स्थिर होण्यास एकसारख्या रव्याचाही हातभार लागला असावा.

या सर्वांचा परिणाम कोकणच्या पेठांवर काय झाला, हे आता नीट पाहता येते. राजापूर किंवा खारेपाटण येथे जी सांधेजोड होत होती ती कोल्हापूर स्टेशनाच्या आवारात आली. बंदरांचा माल आगगाडीने पळविला हे खरे. पण त्याबरोबर सांधेजोडीचे उत्पन्नही घाटावर आले आणि ते मुंबईस न जाता बऱ्याच अंशी शाहूपुरीतच राहिले. कोकणचे नुकसान आणि कोल्हापूरची समृद्धी या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे करवीरकरांनी मान्य करावयास हरकत नसावी.

ट्रक, ब्रॉडगेज आणि पोलादी पेटी

स्वातंत्र्योत्तर काळातील घटना थोडक्यात सांगितल्या तरी पुरे. १९५५ मध्ये भारत-गोवा रेल्वे व्यवहार बंद झाला आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत मार्मागोव्याचा पर्याय पूर्णपणे मिटला. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. आता मुंबईचा डबा पुण्यात रिकामा करण्याचे कारण उरले नाही. मात्र मिरजेच्या दक्षिणेस मीटरगेजच राहिल्याने ज्या मार्मागोव्याचा मार्ग १८९१ मध्ये अखंड होता तो आता मिरजेत तुटला. अरुंद, मध्यम आणि रुंद असे तिन्ही रूळ एका ठिकाणी येणारे जंक्शन म्हणून मिरजेची ख्याती होती. प्रवाशांना त्याचे कौतुक वाटे; माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांना त्यात रोजगार होता आणि व्यापाऱ्यांना खर्च.

दरम्यान फुटकळ माल रेल्वेकडून रस्त्याकडे सरकला. पूर्ण गाडीभर एकाच प्रकारचा माल नेणे रेल्वेला सोयीचे वाटू लागले आणि सुट्या पार्सलांचा व्यवहार ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या बुकिंग कचेऱ्यांत गेला. पुणे-बंगळूर महामार्गावरील ट्रकमालक आणि त्यांचे दलाल हे नवे हुंडेकरी ठरले. ‘पार्ट लोड’ आणि ‘फुल लोड’ हे शब्द शाहूपुरीपासून उद्यमनगरापर्यंत मराठीच झाले.

खरा पालट मात्र कंटेनरने घडविला. माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकव्यावसायिकाने एप्रिल १९५६ मध्ये ‘आयडियल एक्स’ या जहाजातून ५८ पोलादी पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या, तेथून या पद्धतीचा आरंभ मानतात. भारतात कोचीन बंदरात १९७३ मध्ये पहिले कंटेनर उतरले. देशांतर्गत पहिला कोरडा बंदरतळ १९८१ मध्ये बंगळूर येथे सुरू झाला, कंटेनर कॉर्पोरेशनची स्थापना १९८८ मध्ये झाली आणि न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. बंगळूर समुद्रापासून कोल्हापूरहून कितीतरी दूर आहे. तेथे सीमाशुल्काची तपासणी आणि पेटी भरण्याचे काम शहरातच होऊ लागले.

कोल्हापूर परिसराची गरज वेगळी नव्हती. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील ओतकाम कारखान्यांपैकी मोठे कारखाने स्वतःच्या आवारात पूर्ण कंटेनर भरतात. लहान कारखान्याचा महिन्याचा निर्यातमाल दोन-तीन टनच असतो. तो ट्रकने न्हावा-शेव्याच्या परिसरातील गोदामात जातो आणि तेथे इतरांच्या मालाबरोबर पेटीत भरला जातो. चपलांच्या निर्यातदाराची स्थिती याहून बिकट आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले, पण एका कारागीर गटाची मागणी पेटीचा कोपराही भरत नाही. शाहूपुरीने १८९५ नंतर घाटावर आणलेली सांधेजोड अशा रीतीने पुन्हा समुद्रकिनारी गेली. फरक इतकाच की या वेळी ती राजापुरास न जाता न्हावा-शेव्यास गेली.

येथे हिशोबाची एक साधी गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. समुद्रमार्गाने सुटा माल पाठविताना भाडे वजनावर किंवा आकारमानावर, जे अधिक भरेल त्यावर, आकारले जाते. एक टन आणि एक घनमीटर समान धरण्याचा प्रघात आहे. वीस फुटी पेटीत सुमारे ३३ घनमीटर जागा असते. बिडाचे ओतीव भाग भरले तर वजनाची मर्यादा आधी गाठली जाते आणि पेटीचा मोठा भाग रिकामा राहतो. कापडाचे गठ्ठे किंवा चपलांची खोकी भरली तर पेटी भरते, पण वजन कमी पडते. तळाशी बीड आणि वर कापड अशी पेटी भरली तर दोन्ही मर्यादा एकदम वापरल्या जातात आणि दोघांचेही भाडे उतरते. जड माल आणि हलका माल एकमेकांपासून तीस किलोमीटरच्या आत तयार होतो असे कोल्हापूर-इचलकरंजीसारखे जिल्हे फार नाहीत. पूर्वी तांड्यात धान्य आणि मीठ यांची जशी जोड होती, तशी ही जोड आहे. ती आज बंदराजवळच्या गोदामात कधीतरी योगायोगाने जुळत असेल. जिल्ह्यात ठरवून ती जुळविली जाईल अशी सर्वांना खुली पेठ नाही.

वैभववाडीचा मार्ग

कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण खुली झाली. कोल्हापूरहून वैभववाडीपर्यंत सुमारे १०७ किलोमीटरच्या जोडमार्गाचा समावेश २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाला; तो मार्ग अद्याप झालेला नाही. जयगड येथे २००९ पासून खाजगी बंदर चालू आहे आणि आंबा घाटातील रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. या मार्गाने कोल्हापूरला कोकणचे बंदर परत मिळेल अशी आशा सभांतून आणि निवेदनांतून व्यक्त होते. ती आशा चुकीची नाही. परंतु १८९१ चा अनुभव असा की सलग रूळ मिळूनही मार्मागोवा मिळाले नाही. उलट १८९५ चा अनुभव असा की रूळ पुण्यात तुटत असूनही शाहूपुरी उभी राहिली. मार्गाच्या मागणीत सीमाशुल्क कचेरी, सामाईक गोदाम आणि लहान निर्यातदारासाठी पेटी भरण्याची सोय यांचा उल्लेख क्वचितच असतो. मार्ग झाला आणि भरणी किनाऱ्यावरच राहिली, तर बोगदे आणि पूल कोल्हापूर जिल्ह्यातून जातील, मिळकत मात्र खाली उतरेल.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी कोल्हापूर पुराभिलेखागारातील दरबारी दप्तर उपयोगी आहे, परंतु त्याहून मोलाचे साधन शाहूपुरीतील जुन्या अडत दुकानांच्या वह्या हे होय. आवक-जावकीच्या किर्दीत कोणत्या गावची गाडी कोणत्या दिवशी आली, किती रवे उतरले, डब्याचे भाडे किती पडले, शेतकऱ्याच्या खात्यावर किती टाकले आणि व्यापाऱ्याच्या खात्यावर किती, हे आकडे शेजारी शेजारी ठेवता आले तर अडतीने वाचविलेल्या भाड्यातला किती भाग धन्याच्या पदरी पडला याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज राहणार नाही. यांतील जुन्या वह्या मोडीत असण्याचा संभव आहे. घराण्यांच्या वाटण्या होतात, दुकाने पाडून नव्या इमारती होतात आणि असे कागद रद्दीत जातात. इतिहास, अर्थशास्त्र आणि वाणिज्य या तिन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी, मोडी वाचू शकणारे चार-दोन विद्यार्थी बरोबर घेऊन, एका हंगामाच्या वह्यांपासून सुरुवात केली तरी काम मार्गी लागेल. १९१४ ते १९१८ या महायुद्धाच्या वर्षांतील वह्या मिळाल्या तर त्या आधी घ्याव्यात, कारण मालडब्यांच्या टंचाईच्या अशा काळात पूर्ण डबा कोणाला मिळाला आणि कोणाला नाही हे त्यांतून सर्वांत स्पष्ट दिसेल.